उसनें हास्य

नाटकगृहांत प्रहसन रंगांत आलेलें असतें. नटाच्या तोंडून एक वाक्य निसटतें आणि पहिल्या रांगेपासून माडीवरील शेवटच्या बांकापर्यंत एकच हंशा उसळतो. ज्याला तें वाक्य नीट ऐकूं आलें नाहीं, तोहि हंसतो. तेंच नाटक दुसऱ्या दिवशीं कोणी घरीं एकट्यानें वाचलें, तर त्याच वाक्याला ओठांच्या कडा किंचित् हलतात, एवढेंच. विनोद तोच, माणूसहि तोच; मग मधल्या मध्यें हरवलें काय? हरवली ती सोबत. रडूं एकांतांतहि येतें. हंसण्याला मात्र संगत लागते. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें लोकांच्या हंसण्याची अनेक वर्षें पाहणी केली, तेव्हां त्याला असें आढळून आलें कीं, माणूस एकटा असतांना जितका हंसतो, त्याच्या सुमारें तीसपट तो चारचौघांत हंसतो.

विसाव्या शतकांतील एका चमत्कारिक शोधाच्या मुळाशीं हीच गोष्ट आहे. तो शोध म्हणजे दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांना बाहेरून जोडलेलें ध्वनिमुद्रित हास्य. इंग्रजींत त्याला ‘लाफ ट्रॅक’ म्हणतात. पडद्यावर प्रेक्षक कोणीच दिसत नाहीं. परंतु पात्रानें विनोद केला रे केला, कीं कोठून तरी शेंदोनशें माणसें खदखदून हंसतात. अमेरिकेंतील घराघरांत हें अदृश्य मंडळ सुमारें अर्धशतक हंसत होतें. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून मात्र तें झपाट्यानें मागें हटलें. तें कां आलें आणि कां गेलें, याचा शोध घेऊं लागलें म्हणजे प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाहीं. एखादी गोष्ट हंसण्याजोगी आहे कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, करणाराचा कीं पाहणाराचा, असा तो प्रश्न आहे.

या कथेचा आरंभ दूरचित्रवाणीपूर्वीं, नभोवाणीच्या काळांत होतो. रंगभूमीवर वाढलेले विदूषक जेव्हां नभोवाणीच्या यंत्रापुढें येऊन उभे राहिले, तेव्हां त्यांची मोठी पंचाईत झाली. समोर केवळ एक धातूचा ठोकळा. तो हंसत नाहीं, कीं टाळी देत नाहीं. यावर उपाय म्हणून स्टुडिओंतच प्रेक्षक बसविण्याची प्रथा पडली. १९३२ सालीं ‘फायर चीफ’ या कार्यक्रमांतून लोकप्रिय झालेला एड विन हा नट तर अंगावर चित्रविचित्र वेष व तोंडाला रंग चढवून या प्रेक्षकांपुढें उभा राही. घरीं बसलेल्या श्रोत्यांना त्या वेषाचा कांहींच उपयोग नव्हता. उपयोग होता तो समोर हंसणाऱ्या माणसांचा. त्यांच्या हंशानें नटाला ताल सांपडे आणि घरच्या श्रोत्याला आपण एकटे नाहीं असें वाटे. हें हास्य परक्याचें होतें खरें, परंतु तें खोटें नव्हतें. ज्या विनोदाला लोक हंसले, त्याच विनोदाबरोबर तें श्रोत्याच्या कानीं पडत होतें.

हा प्रामाणिकपणा पहिल्यानें ढळला तो चुंबकीय फितीवरील ध्वनिमुद्रणामुळें. अमेरिकेंतील प्रख्यात गायक बिंग क्रॉस्बी यानें १९४७ सालीं आपला कार्यक्रम अशा फितीवर आधीं मुद्रित करून मग प्रसृत करण्यास सुरुवात केली. त्याचे ध्वनिमुद्रक जॉन मलिन यांनीं दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनींतून हीं यंत्रें आणलीं होतीं. मलिन यांनीं पुढें सांगितलेली एक हकीकत मोठी बोधक आहे. बॉब बर्न्स नांवाच्या एका विनोदी नटानें एकदां कार्यक्रमांत कांहीं ग्राम्य गोष्टी सांगितल्या. लोक पोट धरधरून हंसले. परंतु त्या गोष्टी प्रसृत करण्याजोग्या नसल्यामुळें कापून टाकाव्या लागल्या. हंशा मात्र जपून ठेवण्यांत आला. कांहीं आठवड्यांनीं दुसरा एक कार्यक्रम फारसा न रंगल्यामुळें तो जपलेला हंशा त्यांत चिकटवून देण्यांत आला. एका विनोदाला मिळालेलें हास्य दुसऱ्याच्या नांवावर जमा झालें! उसनवारीला आरंभ झाला तो असा.

पुढें दूरचित्रवाणी आली आणि विनोदी मालिका तयार करण्याच्या दोन रीति रूढ झाल्या. पहिली रीत नाटकासारखी. १९५१ सालीं सुरू झालेली ‘आय लव्ह ल्यूसी’ ही मालिका सुमारें तीनशें प्रेक्षकांसमोर, एकाच वेळीं तीन कॅमेरे चालवून चित्रित केली जात असे. तिच्यांतील हंशा त्या प्रेक्षकांचा होता. दुसरी रीत चित्रपटासारखी. एकच कॅमेरा, एक प्रवेश आज, दुसरा उद्यां, कधीं रस्त्यावर, तर कधीं बागेंत. येथें प्रेक्षक बसवावे तरी कोठें? अशा मालिका प्रेक्षकाच्या घरीं पोंचत, त्या अगदीं मुक्या. नभोवाणीच्या हंशाची संवय झालेल्या लोकांना हें मौन बोंचेल, अशी निर्मात्यांना धास्ती वाटली. १९५० सालीं ‘द हँक मक्यून शो’ या मालिकेंत प्रेक्षक नसतांनाहि हंशाचे आवाज घालण्यांत आले. या प्रकाराचा दूरचित्रवाणीवरील तो पहिला प्रयोग मानला जातो.

या ओबडधोबड प्रयोगाला कलेचें रूप देणारा माणूस म्हणजे चार्ल्स डग्लस. महायुद्धांत नौदलासाठीं रडारचें काम केलेला हा अभियंता पुढें सीबीएस या प्रक्षेपण संस्थेंत ध्वनीचें काम पाहूं लागला. तेथें त्याच्या लक्षांत आलें कीं, खरे प्रेक्षकहि नेहमीं सोयीस्कर हंसतात असें नाहीं. एखादा प्रवेश पुन्हां चित्रित करावा लागला, तर तोच विनोद दुसऱ्यांदा ऐकतांना त्यांचें हंसणें फिकें पडतें; कधीं साध्या विनोदाला ते इतका वेळ हंसत राहतात कीं, पुढील वाक्य बुडून जातें. कोठें हंशा वाढवावा आणि कोठें कमी करावा, याकरितां त्यानें १९५३ च्या सुमारास एक यंत्र तयार केलें. लोक त्याला ‘लाफ बॉक्स’ म्हणूं लागले.

हें यंत्र म्हणजे टाइपरायटरासारख्या कळा बसविलेली एक पेटीच होती. तिच्या पोटांत चुंबकीय फितींचीं बत्तीस वेटोळीं असत आणि प्रत्येकावर दहा, याप्रमाणें एकंदर ३२० प्रकारचें हास्य सांठविलेलें असे. गालांतल्या गालांत हंसणें, खुदकन् हंसणें, खिदळणें, एखाद्या बाईची किंकाळीवजा हंसी, आणि सर्व सभागृहाचा गडगडाट! कळ दाबली कीं हवें तें हास्य निघे आणि पायाखालील पट्टीनें तें किती वेळ टिकावें हें ठरे. डग्लस चित्रफीत पाहतां पाहतां हार्मोनियम वाजविणाऱ्या वादकाप्रमाणें या कळांवरून बोटें फिरवी. त्याचें कौशल्य नाकारतां येण्यासारखें नाहीं. गडगडाटाआधीं कोणी एक जण अंमळ लौकर हंसतो, सर्व थांबल्यावर कोणाला तरी उशिरां समजतें, या बारकाव्यांचें त्याला उत्तम भान होतें. मात्र हें सर्व काम मोठ्या गुप्ततेनें चाले. पेटीला कुलूप असे, आणि तिच्या पोटांत काय आहे हें सहसा कोणाला दिसूं दिलें जात नसे. जी गोष्ट झांकून ठेवावी लागते, तिच्याविषयीं करणाराच्या मनांतहि कोठें तरी संकोच असतो.

भाड्याच्या हास्याची कल्पना तशी नवीन नव्हे. पॅरिस येथील नाटकगृहांना पैसे घेऊन प्रशंसक पुरविणारी एक पेढी १८२० सालींच निघाली होती. त्यांत टाळ्या वाजविणारे निराळे, डोळ्यांना रुमाल लावणारे निराळे आणि हंसणारे निराळे असत. तथापि, त्या भाडोत्री माणसाला निदान नाटकगृहांत येऊन बसावें तरी लागे. डग्लसच्या पेटीनें तीहि अट काढून टाकली. १९६० सालीं सुरू झालेली ‘द फ्लिंटस्टोन्स’ ही मालिका तर हातानें काढलेल्या चित्रांची. जिला हंसण्यासाठीं तिच्यासमोर कोणी बसणें मुळांतच अशक्य. तिच्यांतहि हंशा ऐकूं येई!

ही लबाडी नव्हे काय, असा प्रश्न त्या काळींहि निघाला. १९५९ सालीं अमेरिकेंतील दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषांत स्पर्धकांना उत्तरें आधींच पढविलीं जात, हें उघडकीस आलें आणि मोठा गहजब झाला. तेव्हां सीबीएसचे अध्यक्ष फ्रँक स्टँटन यांनीं, कार्यक्रम जसे दिसतात तसेच ते असले पाहिजेत, असें जाहीर केलें आणि यंत्रांतील हंशाकडेहि त्यांची दृष्टि वळली. परंतु निर्मात्यांच्या विरोधापुढें तो कडक नियम फार काळ टिकला नाहीं. व्यवहारानें तत्त्वावर मात केली, आणि व्यवहाराच्या हातीं पुरावाहि होता. १९६५ सालीं ‘होगन्स हीरोज’ या मालिकेचा पहिला भाग निवडक लोकांना दोन प्रकारें दाखविण्यांत आला: एकदां हंशासह व एकदां हंशावांचून. हंशा असलेला भाग लोकांना आवडला, नसलेला पडला. विनोद दोहोंतहि एकच होता. यानंतर कोणता निर्माता हंशा काढून टाकण्याचें धाडस करणार?

तरीहि असें धाडस करूं पाहणारे लेखक निघाले, आणि त्यांचें भांडण जेथें सर्वांत तीव्र झालें, ती मालिका म्हणजे १९७२ ते १९८३ पर्यंत चाललेली ‘मॅश’. कोरियांतील युद्धाच्या काळीं एका फिरत्या लष्करी रुग्णालयांत काम करणाऱ्या शस्त्रवैद्यांची ही कथा. सभोंवार माणसें मरत आहेत. त्या दुःखानें वेड लागूं नये म्हणून हे वैद्य थट्टा करतात. लॅरी गेल्बार्ट व जीन रेनॉल्ड्स या तिच्या कर्त्यांना यंत्राचा हंशा मुळींच नको होता. सीबीएसला तो हवाच होता. अखेर तडजोड झाली ती अशी कीं, इतरत्र हंशा घालावा, परंतु शस्त्रक्रियेच्या खोलींत कोणीहि हंसूं नये. या तडजोडींतच त्या यंत्राचें खरें स्वरूप उघड झालें. मरणाच्या दारांत केलेल्या विनोदानें माणसाला हंसूं यावें कीं गळा दाटून यावा, हें पेटीला कसें कळणार? ती फक्त हंसूंच जाणते. ब्रिटनमध्यें बीबीसीनें हीच मालिका हंशावांचून दाखविली, आणि तेथील प्रेक्षकांना ती अधिक गंभीर, अधिक करुण वाटली यांत नवल नाहीं.

याच सुमारास दुसऱ्या बाजूनें खऱ्या प्रेक्षकांकडे परतण्याचीहि एक लाट आली. १९७१ सालीं नॉर्मन लिअर यांची ‘ऑल इन द फॅमिली’ ही मालिका सुरू झाली. ती प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर मुद्रित होई. वंशद्वेष, युद्ध, स्त्रियांचे हक्क असे ज्वलंत विषय तींत येत. त्यामुळें लोक कोठें हंसतात आणि कोठें एकदम गप्प होतात, यालाहि मोल होतें. पुढें अनेक मालिकांनीं हीच वाट धरली. येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. दूरचित्रवाणीवर ऐकूं येणारा प्रत्येक हंशा यंत्राचा असतो असें नाहीं. २००७ ते २०१९ पर्यंत चाललेली ‘द बिग बँग थिअरी’ ही अत्यंत लोकप्रिय मालिकाहि स्टुडिओंतील प्रेक्षकांसमोर चित्रित होत असे. परंतु खऱ्या हंशांतहि मागाहून थोडें गोड घालण्याची चाल या धंद्यांत फार जुनी. म्हणून खऱ्याविषयींहि लोकांचा विश्वास उडाला. खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला म्हणजे खरें नाणेंहि लोक वाजवून पाहतात, त्यांतलाच हा प्रकार.

हंशाला उतरती कळा लागली ती मात्र लोकांच्या संतापामुळें नव्हे. विनोदाची घडणच बदलल्यामुळें. १९८९ सालीं आलेली ‘द सिम्प्सन्स’ ही चित्रमालिका हंशावांचून चालली आणि अफाट लोकप्रिय झाली. १९९२ सालीं वर्गणीवर चालणाऱ्या एचबीओ या वाहिनीनें ‘द लॅरी सँडर्स शो’ आणला. त्याचा नायक दूरचित्रवाणीवरच मुलाखती घेणारा. तो कार्यक्रमांत असतांना समोरील लोकांचा हंशा ऐकूं येई. तो पडद्यामागें गेला कीं सर्व शांत. खरें काय तें त्या शांततेंत घडे. १९९८ सालच्या ‘स्पोर्ट्स नाइट’ या मालिकेंत लेखक ॲरन सॉर्किन यांच्या इच्छेविरुद्ध हंशा घालण्यांत आला. तो हळूहळू मंद होत गेला आणि पुढें नाहींसाच झाला. २००० सालीं ‘माल्कम इन द मिडल’ आली, तीहि हंशावांचूनच.

हंशा गेल्यानें विनोदाला काय लाभलें? पहिला लाभ वेळेचा. हंशासाठीं नटाला वाक्यानंतर थांबावें लागे. वाक्य, हंशा, वाक्य, हंशा, असा ठेका ठरून गेलेला असे. ती जागा मोकळी झाली आणि तेथें दुसरा विनोद, एखादा कटाक्ष किंवा अर्धवट राहिलेलें वाक्य मावूं लागलें. दुसरा लाभ स्थळाचा. कॅमेरा बैठकीच्या खोलींतून बाहेर पडूं शकला. परंतु सर्वांत मोठा लाभ तिसरा, आणि तो २००१ सालीं बीबीसीवर आलेल्या ‘द ऑफिस’ या मालिकेनें दाखवून दिला. रिकी जर्व्हेस व स्टीफन मर्चंट यांच्या या मालिकेंत डेव्हिड ब्रेंट नांवाचा एक कचेरींतील साहेब आहे. आपण फार विनोदी आहों अशी त्याची समजूत. तो विनोद करतो आणि हाताखालील मंडळी जमिनीकडे पाहत राहतात. कोणी हंसत नाहीं, हाच तेथील विनोद! त्या क्षणीं कोठून तरी शंभर माणसें हंसलीं असतीं, तर साहेब विजयी ठरला असता आणि सर्व प्रसंग मातींत गेला असता. ज्या विनोदाचें मर्मच मौन आहे, तो विनोद डग्लसच्या पेटीला कधींहि साधला नसता.

यानंतर वारें पालटलें. अमेरिकेंत उत्कृष्ट विनोदी मालिकेसाठीं दरवर्षीं एमी पारितोषिक देतात. प्रेक्षकांचा हंशा असलेल्या मालिकेला तें अखेरचें मिळालें २००५ सालीं, ‘एव्हरीबडी लव्हज रेमंड’ला. पुढील वर्षीं तें ‘द ऑफिस’च्या अमेरिकन आवृत्तीकडे गेलें, आणि तेव्हांपासून २०२५ पर्यंत तें प्रत्येक वेळीं हंशावांचूनच्या मालिकेनें पटकावलें आहे.

मग निर्मात्यांची जुनी समजूत चुकीचीच होती काय? तसें म्हणतां येत नाहीं. २०१९ सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील सोफी स्कॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. ऐकून कपाळावर हात मारून घ्यावा असे चाळीस पोरकट विनोद त्यांनीं निवडले; कांहींना आपणहून फुटलेलें हास्य जोडलें, कांहींना मुद्दाम काढलेलें. हास्य जोडतांच ते विनोद ऐकणारांना अधिक विनोदी वाटले. आणि आपणहून फुटलेल्या हास्याचा परिणाम मुद्दाम काढलेल्यापेक्षां अधिक झाला. म्हणजे दुसऱ्याचें हंसूं संसर्गजन्य आहे, हें खरेंच. आणि अस्सल व नक्कल यांतील फरक कानाला जाणवतो, हेंहि तितकेंच खरें.

सोबतीची ही भूक अजून शमलेली नाहीं, याचा प्रत्यय २०२० सालच्या महामारींत भारतीयांनाहि आला. आयपीएलचे सामने त्या वर्षीं संयुक्त अरब अमिरातींत रिकाम्या क्रीडांगणांवर झाले, तेव्हां प्रक्षेपणांत प्रेक्षकांचा मुद्रित कल्लोळ घालण्यांत आला. तो खोटा आहे हें सर्वांस ठाऊक होतें. तरीहि नुसत्या शांततेंत षट्कार पाहणें अनेकांना जड गेलें असतें. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’सारख्या मराठी कार्यक्रमांतहि प्रवेश चालू असतां परीक्षकांचे हंसरे चेहरे मधून मधून दाखविले जातात. येथें हंसणारीं माणसें लपविलेलीं नाहींत. कोण हंसतें आहे हें पाहणारास दिसतें. तरी काम तेंच: घरच्या प्रेक्षकाला सोबत देणें.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा. उसनें हास्य खोटें होतें तें साक्षीदार म्हणून. ‘हें पाहा, लोक हंसले’ असें तें सांगे, आणि लोक तर हंसलेले नसत. परंतु ज्या उणिवेसाठीं तें आणलें गेलें, ती उणीव खोटी नव्हती. दूरचित्रवाणीनें विनोद नाटकगृहांतून उचलून घरांत आणला आणि प्रेक्षक एकटा पडला. त्या एकटेपणाची भरपाई म्हणून यंत्राचा शेजार देण्यांत आला. आतां तो शेजार गेला. विनोदी लेखकाला आपल्या वाक्यावर उभें राहावें लागलें, आणि हंसावें कीं नाहीं हा निर्णय पाहणाराकडे परत आला. हा लाभ लहान नव्हे. मात्र तोच पाहणारा आज पुष्कळदां कानांत यंत्र घालून, हातांतील मोबाइलच्या लहानशा पडद्याकडे पाहत, घरांतल्या घरांतहि एकटाच बसलेला असतो. उसनें घेतलेलें कधीं ना कधीं परत करावेंच लागतें. दूरचित्रवाणीनें तें केलें. रिकामी राहिलेली जागा आतां कोणतीहि पेटी भरून काढणार नाहीं. ती भरेल ती शेजारच्या खुर्चीवर घरचें कोणी येऊन बसेल तेव्हां.